मागच्या खोलीतली निळी भूछत्रं

आमच्या घरात आजवर कोणी नशा केलेली नाही. अपवाद एका श्रावणातल्या रविवारचा, आणि तोही आईने घर शुद्ध ठेवण्याचा हट्ट धरला म्हणून. आईला हे वाक्य कधीच पटणार नाही. पण वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आहे आणि या एका बाबतीत तरी मी ठाम आहे.

तेव्हा आम्ही इंदौरला छत्रीबागेत राहत होतो. बाबा मिलमध्ये रंगखात्यात होते. कापड रंगवणाऱ्या मुख्य मास्टरच्या हाताखाली त्यांची उमर गेली, त्यामुळे मोहल्ल्यात सगळे त्यांनाही मास्टरजीच म्हणत. मिल बंद झाली तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. टीव्हीवर रोज कोणीतरी सांगत असे की देशाची दारं उघडली आहेत. आमच्या मिलचं मात्र लागलं होतं. बाजारात नवे साबण, नवे टीव्ही, नव्या मोटारी येत होत्या आणि आमच्या गल्लीतली पुरुषमंडळी भर दुपारी ओट्यावर बसून पेपरातल्या त्यांच्या जाहिराती वाचत होती.

हळूहळू ओटे रिकामे झाले. कोणी टेम्पो घेतला, कोणी चाऊमिनची गाडी लावली, कोणी मुलाकडे पुण्याला गेलं. शेजारचे भिया, म्हणजे मिलच्या साळखात्यात माग चालवणारे जुने कारागीर, शेव-नमकीन पुड्यांत भरून दुकानांना पुरवू लागले. बाबांनी काहीच केलं नाही. ते रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, डबा घेऊन मिलच्या फाटकापर्यंत जात आणि तिथल्या पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, बसून दुपारी परत येत. मिल बंद आहे, हे वाक्य त्यांनी तोंडातून कधी काढलं नाही. कोणी विचारलं की म्हणायचे, "सध्या थांबलीये."

आईचं डोकं या एका शब्दाने फिरायचं. "थांबायला ती काय बस आहे का?" ती विचारायची. बाबा उत्तर देत नसत. आमच्याकडची भांडणं अशीच एका बाजूने चालत.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना शहराबाहेरच्या नव्या कारखान्यांच्या वसाहतीतून, पीथमपूरहून, एक निरोप आला. बाबांचे एक जुने सहकारी तिथे स्कूटरचे भाग रंगवणाऱ्या नव्या कारखान्यात वरच्या जागेवर लागले होते. त्यांना रंगाची नजर असलेला माणूस हवा होता. जागा त्यांनी धरून ठेवली होती, पण फार दिवस धरता येणार नव्हती. श्रावणातल्या त्या सोमवारी सकाळी बाबांनी तिथे उभं राहायचं, नाहीतर मंगळवारी दुसरा माणूस येणार होता. बाबा म्हणाले, "आणि मिल चालू झाली तर?" आई उठून आत गेली आणि भांडी घासू लागली. भांडी आधीच घासलेली होती.

मशरूमचा उद्योग त्याच्या आधीच सुरू झाला होता. बेकार झालेल्या मिलवाल्यांना स्वतःच्या पायावर उभं करण्यासाठी सरकारी प्रशिक्षणं निघत. मेणबत्त्या, लोणची, मधमाशा, मशरूम. मधमाशांना बाबा घाबरत. मेणबत्त्यांचा रंग त्यांना कच्चा वाटला. लोणची आईच्या मुलखातली होती. उरलं मशरूम. शिकवणाऱ्या साहेबांनी सांगितलं की मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत आता हेच खातात, आणि मोठ्या शहरात जे आज खातात ते इंदौर उद्या खाणार. इंदौरच्या खाण्याबद्दल कोणी काहीही सांगितलं तर ते खरं मानायची आमच्याकडे पद्धत आहे. मिल चालू होईपर्यंत वेळ जाईल, म्हणून बाबा धिंगरी जातीच्या मशरूमचं बी आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन आले. पिशव्यांत उकळून गार केलेला गव्हाचा भुसा भरायचा, त्यात बी पेरायचं, पिशव्या अंधाऱ्या दमट खोलीत टांगायच्या आणि वाट पाहायची. या शेवटच्या कामाचा बाबांना सराव होता.

मागची सरपणाची खोली रिकामी केली. आता आईचा प्रश्न आला. आमच्याकडे भूछत्राला कुत्र्याची छत्री म्हणत, आणि असल्या नावाची वस्तू देवघराला भिंत लागून असलेल्या खोलीत टांगायची हे आईला सहन होणारं नव्हतं. पुष्कळ बोलणं झालं. शेवटी तिने एक अट घातली. "लटकवा जे लटकवायचं आहे ते. पण मी ती खोली दर शुक्रवारी शेणाने सारवणार. माझ्या घरात ते असंच नाही राहणार." बाकी घरात फरशी होती. त्या एका खोलीची जमीन मातीची होती, त्यामुळे अट पाळता येण्यासारखी होती. आई नदीकाठच्या ग्वाल्याकडून शेण आणायची. पावसात दर वेळी कोण जाणार, म्हणून उरलेलं शेण ती त्याच खोलीच्या कोपऱ्यात एका फुटक्या घमेल्यात ठेवून द्यायची. अंधार, दमट हवा आणि वर ताजं शेण. साहेबांच्या प्रशिक्षणात हा धडा नव्हता.

पिशव्यांत आधी पांढरे धागे पसरले. बाबा खूश झाले. मग हिरवी बुरशी आली. बाबा पिशवी हातात फिरवून म्हणाले, "शेड चुकली." बुरशीला ते शेड चुकणं म्हणत, आणि पुन्हा भुसा उकळत. असं दोनदा झालं. सोमवार तोंडावर आला होता, आई दिवसातून चार वेळा पीथमपूरचं नाव काढत होती, आणि प्रत्येक वेळी बाबा उठून मागच्या खोलीत जात होते.

शनिवारी ते तिथून जवळजवळ पळतच बाहेर आले. "बेटा, इकडे ये. आलंय!"

पिशव्यांत काही आलेलं नव्हतं. आलं होतं आईच्या घमेल्यात. बारीक उंच दांड्यांची, मधाच्या रंगाच्या टोप्यांची भूछत्रं शेणातून वर आली होती. बाबांचं म्हणणं असं की पिशव्यांतलं बी खाली सांडलं आणि घमेल्यात त्याला मानवलं. मी म्हटलं, "बाबा, ही तर प्रशिक्षणात दिलेल्या फोटोतल्यासारखी नाही दिसत."

"पिशवीतली तरी कुठे दिसून राहिलीत?" बाबा म्हणाले.

अभ्यासक्रमात मला पावावरची बुरशी आणि गव्हावरचा तांबेरा होता. शेणातल्या भूछत्रांबद्दल आमच्या विद्यापीठाचं काही मत नव्हतं. तेवढ्यात बाबांनी एक दांडी चिमटीत दाबली आणि आम्ही दोघंही बघत राहिलो. जिथे बोट लागलं होतं तिथे निळा डाग उमटला, आणि बघता बघता गडद झाला.

कोणीही शहाणा माणूस इथे भूछत्र टाकून हात धुवायला गेला असता. पण बाबा रंगखात्यातले होते. त्यांच्याकडे एका जातीचा रंग असा होता की हौदातून कापड बाहेर काढताना ते हिरवट-पिवळं दिसायचं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं व्हायचं. निळं किती लवकर होतं आणि किती एकसारखं होतं, यावरून बाबा रंगाची पारख करत. रंगात भेसळ असली तर निळा डागाडागांनी चढतो. त्यांनी आणखी एक दांडी दाबली. मग आणखी एक. सगळ्या सारख्याच निळ्या झाल्या. बाबांच्या चेहऱ्यावर मिल बंद झाल्यापासून न दिसलेलं समाधान आलं.

"एकसारखा चढतोय," ते म्हणाले. "माल शुद्ध आहे."

इथे मला माझ्या विषयाशी प्रामाणिक राहून सांगितलं पाहिजे की बाबांचं रसायनशास्त्र बरोबर होतं. तो निळा हवेमुळेच चढतो. आणि तो चढतो ते दांडीत जे द्रव्य असतं त्यामुळे, हेही बरोबर. ते द्रव्य कोणतं, एवढीच एक बाब राहून गेली.

रविवारी सकाळी चव घ्यायचं ठरलं. आईला चातुर्मास होता. कांदा-लसूण बंद, मग कुत्र्याच्या छत्रीचा प्रश्नच नव्हता. तिने आपला गॅसही द्यायला नकार दिला. मग बाबांनी ओसरीत जुना वातीचा स्टोव्ह पेटवला आणि एका पोचे आलेल्या पातेल्यात कांदा-मिरचीवर ती भूछत्रं परतली. शेजारच्या भियांना चव पाहायला बोलावलं होतं. ते पोहे, शेव आणि पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावन मसाल्याची पुडी घेऊन आले. "मास्टरजी, बिना सेव के इंदौर में कुछ नी बिकता," असं म्हणून त्यांनी तिन्ही बशांवर मूठ मूठ शेव घातली. चव मातकट होती. शेवेने ती बरीच झाकली. भियांनी दुसऱ्यांदा घेतलं. बाबांनी पातेलं पुसून घेतलं. मी बशी संपवली नाही, कारण शेवेखालूनही मला माती लागत होती. आई दारात उभी राहून बघत होती आणि तिचा चेहरा सांगत होता की तिला कशाचंच आश्चर्य वाटणार नाही.

आधी आम्ही तिघंही जांभया देऊ लागलो. मग भिया आपल्या बशीतल्या उरलेल्या पोह्यांकडे फार वेळ बघत राहिले. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "मास्टरजी, पोहे साँस ले रिये हैं."

बाबांनी वाकून पाहिलं. "हो," ते म्हणाले, "पण सावकाश घेऊन राहिलेत. काळजी नको."

मला हसू आलं आणि ते आवरेना. ओसरीच्या भिंतीवर ओल आली होती. तिच्या कडा भरती-ओहोटीसारख्या पुढे-मागे होऊ लागल्या. स्टोव्हची वात विझवली तेव्हाचा क्षण संपतच नव्हता. मी आईकडे पाहिलं तर तिच्या साडीचा जांभळा इतका जांभळा झाला होता की मला रडू आलं. बाबाही तिच्या साडीकडेच बघत होते. "अगं, हा आमचाच रंग आहे," ते आईला म्हणाले. "मी चढवलाय हा. बघ कसा बसलाय." आईने पदर ओढून घेतला आणि विचारलं, "अहो, तुम्हाला काय होऊन राहिलंय?"

काय होत होतं ते मला फार वर्षांनी वाचून कळलं. मेक्सिकोच्या डोंगरात राहणारे लोक ही जात कित्येक पिढ्या पूजेत खात आले. आजाऱ्याला काय झालं, हरवलेली वस्तू कुठे गेली, हे देवाला विचारण्याची ती त्यांची रीत. स्पेनहून पाद्री आले आणि त्यांनी हे सैतानाचं काम म्हणून बंद पाडलं. बंद पडलं असं त्यांना वाटलं, लोक लपून खात राहिले. पुढे परदेशी हौशी मंडळी तिथे पोचली, खाऊन आली आणि मासिकांतून लिहिती झाली. लगेच लांब केसांच्या पोरापोरींची रांग लागली आणि त्या डोंगरातल्या बिचाऱ्यांना आपल्याच देवाजवळ जागा उरली नाही. रसायनवाल्यांनी त्यातलं द्रव्य वेगळं काढलं. डॉक्टरांनी काही दिवस त्यावर आशा ठेवली, सरकारांनी बंदी घातली, आणि आता पुन्हा काही दवाखान्यांत खचलेल्या माणसांना ते सांभाळून देऊन बघतात म्हणे. वेदातला सोम म्हणजे भूछत्रच, असंही कोणी लिहून ठेवलं आहे. ते भूछत्र वेगळं, लाल टोपीचं. मी हे आईला एकदा सांगितलं. ती म्हणाली, "लिहिणाऱ्याने खाऊन लिहिलं असेल."

या द्रव्याचं एक लक्षण सगळीकडे सारखंच सांगितलेलं आहे. ते नवीन काही आणत नाही. माणसाच्या आत जे आधीच असतं तेच ते मोठं करून दाखवतं, आणि ज्या जागी, ज्यांच्या सोबतीत खाल्लं त्याचा रंग त्याला चढतो. म्हणून कोणाला त्यात देव भेटतो आणि कोणाला भीती. शिवाय, हुबेहूब अशाच दिसणाऱ्या काही जाती माणसाला सरळ मारतात. आम्ही वाचलो ते कोणत्याही पारखीमुळे नव्हे. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दर वर्षी आवाज चढवून सांगत असे.

तर आम्ही ओसरीत होतो. बाबांनी एकदम मान वर केली. चेहरा असा झाला की मी हसायची थांबले.

"भोंगा झाला," ते म्हणाले.

मिल चालू होती तेव्हा आमचा सगळा मोहल्ला भोंग्यावर चालायचा. पहिल्या भोंग्याला चूल पेटायची, दुसऱ्याला पुरुष निघायचे, आणि दुपारच्या भोंग्याला शाळेतली मुलं दप्तर भरायला लागायची, मास्तर काहीही शिकवत असोत. घड्याळं फक्त भिंत भरायला होती. मिल बंद झाल्यावर पहिले काही दिवस लोकांचा भातसुद्धा करपायचा. भोंगा झाला असं बाबा म्हणाले आणि मी कान दिला. आधी काहीच नव्हतं. मग छातीत, खूप खालून, तो सुरू झाला. वर चढत गेला आणि सगळ्या गल्लीवर पसरला. मला ऐकू येत होतं. मी शपथेवर सांगते, ऐकू येत होतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "झाला."

बाबा हसले. ते उठले, आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले. आई दारात आडवी आली. "अहो, मिल बंद आहे. आज रविवार आहे. तुम्ही ती घाण खाल्लीये." तीनही गोष्टी खऱ्या होत्या. पण बाबा इतक्या आनंदाने हसत होते की तिचा आवाज मधेच उतरला. तिने तसं हसणं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. ती बाजूला झाली आणि माझ्याकडे वळली. "तू कमी खाल्लंस ना? तू जा यांच्याबरोबर. हात सोडू नको. मी डॉक्टरांना घेऊन येते." भियांना तिने ओसरीतच राहू दिलं. ते पोह्यांजवळ बसून होते आणि त्यांचं काही अडलं नव्हतं.

इतक्या शिस्तीत मी आयुष्यात कधी चालले नाही. बाबा पुढच्या भोंग्याच्या आत पोचायचं म्हणून झपझप चालत होते आणि मी त्यांचा हात धरून जवळजवळ ओढली जात होते. जवाहर मार्गावर टेम्पोंचे आवाज लांबलचक होऊन मागे राहत होते. दुकानांच्या पाट्यांवरचे रंग ओले दिसत होते आणि मला वाटत होतं की हात लावला तर बोटाला लागतील. ओळखीचा माणूस दिसला की बाबा ओरडत, "चालू झाली!" लोक हात वर करत. इंदौरमध्ये काही चालू झालं म्हटलं की काय ते न विचारता लोक खूश होतात. भोंगा माझ्या कानात चालूच होता. मला वाटलं, खरंच झाली असेल. एवढं सगळं नवं सुरू होतंय, त्यात एक जुनी मिल सुरू झाली तर कोणाचं काय जातंय? मला इतका आनंद झाला होता की मी रस्त्यात रडत होते.

फाटकाला कुलूप होतं. कुलपावर गंज होता, आणि तो गंज मला सुंदर दिसला. चौकीदार स्टुलावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होता. बाबांना तो रोज बघायचा. आज त्याने आमचे चेहरे बघितले, डोळे बघितले, आणि काय समजायचं ते समजला असावा. बाबा म्हणाले, "खोलो भाई, भोंगा हो गया."

चौकीदार उठून उभा राहिला. "मास्टरजी," तो अदबीने म्हणाला, "आज तो संडे है."

"अरे हो," बाबा म्हणाले. ते त्यांना लगेच पटलं. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

आम्ही पुलियावर बसलो. समोर मिलची चिमणी होती. बाबा तिच्याकडे बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिले, कापडाचा तागा उजेडात धरून बघावा तसे. मग ते स्वतःशीच म्हणाले, "भोंगा आहे. धूर नाही." थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्यांचं हसू हळूहळू गेलं. मला धूर दिसत होता, पण माझ्यावर विश्वास ठेवण्यासारखी परिस्थिती नव्हती.

आई रिक्षातून डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी तिथेच पुलियावर आमच्या डोळ्यांत टॉर्च मारली, नाडी पाहिली, काय खाल्लं ते विचारलं. बाबांनी त्यांना निळ्या रंगाची पारख समजावून सांगितली. डॉक्टरांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि आईला म्हणाले, "घरी न्या, पाणी पाजा, एकटं सोडू नका. रंग दिसणं, आवाज ऐकू येणं, हे सगळं संध्याकाळपर्यंत उतरेल. नाही उतरलं तर सरळ दवाखान्यात आणा." नमुना म्हणून दोन भूछत्रं ते घरून कागदात बांधून घेऊन गेले. बाकीची आईने घमेल्यासकट नदीकाठी पुरली. भिया तोवर ओसरीतच झोपले होते. त्यांना अजून तो रविवार आयुष्यातला सगळ्यात चांगला रविवार वाटतो.

ऊन उतरलं तसं माझं सगळं जागेवर आलं. भिंत भिंतीसारखी झाली. आईची साडी साधी जांभळी झाली. भोंगा कधी थांबला ते कळलंही नाही, फक्त डोक्यात पोकळी राहिली. आईने आम्हाला ताक दिलं आणि समोर पाटावर बसून राहिली. बाबा शुद्धीवर होते. त्यांनी आईची माफी मागितली, डॉक्टरांना रिक्षाभाडं दिलं का ते विचारलं. मग ते माझ्याकडे वळले.

"तुला ऐकू आला होता ना? खरं सांग."

"आला होता, बाबा."

"आता?"

"आता नाही. उतरलं सगळं."

बाबांनी मान हलवली. रंगखात्यात त्यांची पद्धत अशी होती की शंका आली तर दोन तुकडे शेजारी ठेवायचे आणि बघायचे. ते तसंच काहीतरी करत असावेत. मग जमिनीकडे बघत ते बोलले. "हिनेही तेच खाल्लं, मीही तेच खाल्लं. हिचा भोंगा उतरला. माझा चालू आहे."

आई उठायला लागली. "थांबा, मी रिक्षा बघते. डॉक्टर म्हणाले होते, नाही उतरलं तर..."

"बस," बाबा म्हणाले. "हा आजचा नाही. मला रोज येतो. सकाळी निघायच्या वेळेला. मिल थांबली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून येतो. म्हणून तर मी जातो."

दोन वर्षं आई त्यांना आळशी म्हणत होती, हट्टी म्हणत होती, आणि मी मनातल्या मनात त्याहून वाईट काहीतरी. आम्हाला वाटायचं ते वाट पाहायला जातात. त्यांना रोज बोलावणं येत होतं.

"सांगितलं का नाही?" आईने विचारलं.

"सांगून काय करणार? मला वाटायचं, सगळ्यांनाच येत असेल. कोणी बोलत नसेल." बाबांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "आज हिला भूछत्र खाऊन आला. म्हणजे न खाता नाही येत कोणाला. म्हणजे तो मिलचा नाही." मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ते रडले, अगदी साधे, नाक पुसत पुसत, आणि म्हणाले, "बंद झाली गं मिल."

आई "हो" म्हणाली. दोन वर्षं तिला हेच वाक्य ऐकायचं होतं, आणि आता ते आलं तेव्हा तिचेच डोळे भरून वाहत होते. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्यासमोर तिने असं कधी केलं नव्हतं.

सोमवारी सकाळी बाबा आंघोळ करून तयार झाले. पीथमपूरची बस कुठून सुटते ते भिया सांगून गेले होते. बाबा चपला घालून ओसरीत उभे राहिले आणि निघेनात. आई आतून आली. तिने काही घाई केली नाही. थोडं थांबून तिने हळूच विचारलं, "झाला का?"

बाबांनी क्षणभर कान दिला. "आत्ताच झाला," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून बस पकडायला गेले.

मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचा प्रयत्न केला. कोणाचा तरी कुकर, कोणाची तरी बादली, लांबून एक टेम्पो. बास. मला फार वाईट वाटलं. आई दारातच उभी होती, गल्लीच्या वळणाकडे बघत. बाबा दिसेनासे झाले तरी ती आत आली नाही.

"मी पण थोडं खायला हवं होतं," ती म्हणाली.